लाजाळूसारखी मिटणारी जेलची पट्टी: वाकायला इतका वेळ का लागतो, आणि थर का सुटतात?

जेलपट्टी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. उष्णता लागली की वाकणारी आणि गार झाल्यावर सरळ होणारी दुपदरी हायड्रोजेलची (पाणी धरून ठेवणाऱ्या पॉलिमरच्या जाळ्याची) पट्टी बनवायची आहे. पदव्युत्तर प्रकल्पाचा विषय आहे, आणि कल्पना लाजाळूच्या पानावरून घेतली आहे. एक थर पॉली-एन-आयसोप्रोपिलॲक्रिलामाइडचा, म्हणजे पीनायपॅमचा, जो सुमारे 32 अंशांच्या वर आकसतो. दुसरा थर साध्या पॉलीॲक्रिलामाइडचा, ज्याला तापमानाने फारसा फरक पडत नाही.

सध्याची कृती अशी आहे. नायपॅम (ज्या सुट्या रेणूंपासून पीनायपॅम बनतो ते) 1.13 ग्रॅम आणि क्रॉसलिंकर, म्हणजे साखळ्या एकमेकींना सांधणारा, म्हणून बिस (मिथिलीनबिसॲक्रिलामाइड) 15.4 मिलिग्रॅम, पाणी घालून एकूण 10 मिली. त्यात पॉलिमर होण्याची क्रिया सुरू करणारे एपीएस (अमोनियम परसल्फेट) 20 मिलिग्रॅम आणि तिला वेग देणारे टेमेड 20 मायक्रोलिटर. साचा दोन काचपट्ट्यांचा, मध्ये 1 मिमी जाडीचे सिलिकॉन. प्रयोगशाळेचे तापमान 30 अंशांच्या आसपास असते. काही मिनिटांत जेल घट्ट होते, पण पारदर्शक नसते, दुधी असते. दोन तासांनी वरची काच काढून जेल पाण्याने धुतले जाते, मग त्यावर 1 मोलर ॲक्रिलामाइडचे द्रावण ओतून आणखी 1 मिमीचा थर. त्यातून 30 मिमी लांब, 5 मिमी रुंद पट्टी कापली जाते.

20 अंशांच्या पाण्यातून 45 अंशांच्या पाण्यात टाकल्यावर अर्धवर्तुळ व्हायला साधारण 40 मिनिटे लागतात. पृष्ठभागावर बारीक फोड येतात. पुन्हा गार पाण्यात ठेवले की काही फेऱ्यांनंतर दोन थर कडेपासून सुटू लागतात.

हवे आहे ते असे: एका मिनिटाच्या आत 90 अंश वळण, आणि निदान 50 फेऱ्या थर न सुटता. चूक रसायनात आहे, मापांत आहे की दोन्हीकडे?

रसायनी

दोन्हीकडे आहे. मी रसायनापुरते सांगते.

आधी दुधी रंगाचे. पीनायपॅमच्या साखळ्या 32 अंशांखाली पाण्यात सुट्या पसरलेल्या असतात. त्यावर गेल्या की पाणी सोडून एकमेकींना चिकटतात. हेस्किन्स आणि गिलेट यांनी 1968 मध्ये नोंदवलेली ही गोष्ट तुमच्या साच्यात जेल तयार होत असतानाच घडते आहे. पॉलिमर होताना उष्णता बाहेर पडते. ॲक्रिलामाइड कुळातल्या मोनोमरसाठी (ज्यांच्या जोडणीतून पॉलिमर बनतो त्या सुट्या रेणूंसाठी) ती मोलमागे सुमारे 80 किलोज्यूल धरा. 1 मोलर द्रावण म्हणजे लिटरमागे 80 किलोज्यूल. उष्णता बाहेर गेलीच नाही तर द्रावण 19 अंशांनी तापेल. काचेच्या साच्यातून बरीचशी निघून जाते, पण तुमची सुरुवातच 30 अंशांना आहे. दोन अंश वाढले तरी पुरे. साखळ्या गोळा झालेल्या अवस्थेतच क्रॉसलिंक होतात, आणि जे जाळे बनते ते एकसंध नसते: कुठे दाट, कुठे विरळ, आणि ताण आला की विरळ जागी फाटणारे.

उपाय गारव्याचा. पुढची कृती 10 मिलीसाठी आहे, थेट वापरा.

नायपॅम 1.13 ग्रॅम घ्या. जुन्या बाटलीतला असेल किंवा खडे पिवळट दिसत असतील तर आधी हेक्झेनमधून पुन्हा स्फटिक करून घ्या. विकतच्या नायपॅममध्ये बहुधा इनहिबिटर (आपोआप पॉलिमर होऊ न देणारा पदार्थ) घातलेला असतो, आणि तो राहिला की जेल कधी दहा मिनिटांत होते तर कधी तासभर होतच नाही. बिस वजन करून टाकण्यापेक्षा 1 टक्का द्रावण करून त्यातले 1.54 मिली घाला. 15 मिलिग्रॅम वजन करताना होणारी चूक जेलच्या फुगण्यात स्पष्ट दिसते. डिस्टिल्ड पाण्याने 9.9 मिलीपर्यंत आणा. नायट्रोजनचे बुडबुडे 15 ते 20 मिनिटे सोडा, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन निघून जाईल. मग बर्फाच्या पाण्यात ठेवा, पूर्ण गार होऊ द्या, आणि त्यानंतरच 10 टक्के एपीएस द्रावणाचे 50 मायक्रोलिटर व टेमेडचे 10 मायक्रोलिटर. हलक्या हाताने ढवळा, बुडबुडे होऊ देऊ नका, लगेच गार साच्यात भरा. साचा ओलसर डब्यात घालून 4 ते 10 अंशांच्या फ्रीजमध्ये रात्रभर.

एपीएसऐवजी पोटॅशियमचे परसल्फेट कपाटात असेल तर ते इथे वापरू नका. गार पाण्यात ते एपीएसपेक्षा फार कमी विरघळते, 10 टक्के द्रावण करायला गेलात तर तळाला बसते. एपीएसचे 10 टक्के द्रावण त्या दिवशीचे असावे. जुने द्रावण वापरले की जेल उशिरा होते, आणि मग लोक टेमेड वाढवत बसतात.

तुम्ही एपीएस माझ्या चौपट घेता आहात. त्यामुळे जेल झटपट होते, उष्णता एकदम सुटते आणि साखळ्या आखूड राहतात. जेल दोन मिनिटांत घट्ट होत असेल तर इनिशिएटर (क्रिया सुरू करणारा, इथे एपीएस) जास्त आहे. बर्फात तासभरानंतरही पातळच असेल तर ऑक्सिजन राहिला आहे किंवा एपीएस जुने आहे. कडा चिकट आणि मधला भाग घट्ट, हे तर ऑक्सिजनचेच लक्षण: कडेने हवा शिरते आणि तिथल्या साखळीची वाढ मध्येच थांबते.

आता थर सुटण्याबद्दल. तुमचा पहिला थर पूर्ण झालेला आणि धुतलेला असतो. त्यावर दुसरे द्रावण ओतले की ते वर वर बसते, आत फारसे जाळे विणले जात नाही. 1 मिमीच्या थरांसाठी साधा उपाय असा की पहिला थर न धुता, वरची काच काढून लगेच त्यावर दुसरे द्रावण इनिशिएटरशिवाय ओता, गार जागी दोन-तीन मिनिटे थांबा, मग ते द्रावण काढून ताजे, इनिशिएटर घातलेले द्रावण ओता. आत मुरलेले ॲक्रिलामाइड पहिल्या जाळ्याच्या आतच पॉलिमर होते आणि दोन जाळी एकमेकांत गुंततात.

धुणे सगळ्यात शेवटी: दोन दिवस डिस्टिल्ड पाण्यात, पाणी दिवसातून तीनदा बदलून.

वक्ररेषा

रसायन सुधारल्यावर थर सुटायचे थांबतील, पण वेग त्याने वाढणार नाही. वेग जाडीने ठरतो. आकडे मांडतो, म्हणजे कुठे बदल करायचा ते नेमके दिसेल.

उष्णता आत शिरायला वेळ लागतो असे बहुतेकांना वाटते. तसे नाही. पाण्याने भरलेल्या जेलमध्ये 1 मिमी अंतर उष्णता 7 सेकंदांच्या आसपास पार करते. अडते ते पाणी बाहेर पडताना. जाळे आकसायचे म्हणजे पाण्याने जाळ्यातून वाट काढत निघायचे, आणि जाळे त्याला अडवते. तानाका आणि फिलमोर यांनी 1979 मध्ये दाखवले की हे विसरणासारखे चालते, म्हणजे वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. पीनायपॅमसाठी विसरणांक (पसरण्याचा वेग सांगणारा आकडा) दर सेकंदाला 2 × 10⁻¹¹ चौरस मीटर धरू. उष्णतेचा विसरणांक याच्या हजारो पट मोठा आहे, यावरूनच काय ते समजा.

आता वाकणे. दोन्ही थर सारख्या जाडीचे आणि साधारण सारख्या ताठपणाचे असतील, तर टिमोशेंको यांच्या 1925 च्या द्विधातू पट्टीच्या सूत्रातून वक्रता मिळते: दीड गुणिले लांबीतला फरक (मूळ लांबीच्या प्रमाणात), भागिले एकूण जाडी. तुमची 30 मिमी पट्टी अर्धवर्तुळ होण्यासाठी वक्रता हवी दर मिमीला 0.105. एकूण जाडी 2 मिमी. म्हणून लांबीतला फरक हवा 0.14. पीनायपॅम पूर्ण आकसला तर लांबी साधारण निम्मी होते, म्हणजे फरक 0.5. तुम्हाला त्यातला 28 टक्के भाग हवा. पाणी एकाच मोकळ्या बाजूने निघते असे धरून 1 मिमी थराला त्यासाठी लागतात सुमारे 3,000 सेकंद, म्हणजे 50 मिनिटे. तुम्ही मोजली 40. पट्टी अगदी भौतिकशास्त्राप्रमाणेच वागते आहे.

आता हेच सूत्र उलट वापरा. प्रत्येक थर 0.15 मिमी, एकूण 0.3. वळण 4 मिमी लांबीत 90 अंश हवे, म्हणजे वक्रता दर मिमीला 0.39. लांबीतला फरक लागेल फक्त 0.08. वेळ येतो 20 ते 25 सेकंद. मोठ्या विकृतीला हे सूत्र काटेकोर लागू नाही, आकसलेला पीनायपॅम ताठही होतो, त्यामुळे उत्तर दुप्पट-तिप्पट इकडेतिकडे होईल. तरीही मिनिटाच्या आतबाहेर आहात. आणि 1 मिमीचे थर घेऊन 4 मिमीत 90 अंश मिळवायचे म्हटले तर फरक लागतो 0.52. म्हणजे तिथे कितीही थांबलात तरी जमणार नाही.

मी 4 मिमी का म्हणतो? लाजाळूचे पान स्वतः वाकत नाही. वाकते ती देठाच्या आणि पर्णिकांच्या तळाशी असलेली फुगीर गाठ, पल्व्हिनस. तिच्या एका बाजूच्या पेशी पोटॅशियम आणि क्लोराइड बाहेर सोडतात, मागोमाग पाणी जाते, ती बाजू ढिली पडते आणि देठ खाली झुकतो. बाकीचे पान निमूट मागे येते. तुमची पट्टी मात्र टोकापासून टोकापर्यंत वाकते आहे. सक्रिय थर फक्त बिजागरीपुरता ठेवा, दोन्ही बाजूंना ताठ पाते लावा. वळण तेच, जेल थोडे, आणि नजरेला हालचाल कितीतरी ठळक.

लाजाळू सेकंदभरात कशी मिटते, तर तिथे पाण्याला एका पेशीची भिंत ओलांडायची असते, अंतर मिमीच्या काही शतांशांचे. उघडायला मात्र दहा-वीस मिनिटे लागतात, कारण आयन परत आत ओढावे लागतात. व्हीनस फ्लायट्रॅप ही कीटक पकडणारी वनस्पती तर सेकंदाच्या दहाव्या भागात मिटते. पण तिथे पाण्याच्या हालचालीने ताण साठतो आणि बहिर्वक्र पान एकदम अंतर्वक्र होऊन तो सुटतो. फोर्तेर, स्कॉथाइम, ड्युमे आणि महादेवन यांचे 2005 चे काम त्यावर आहे. केवळ जेलच्या आकसण्याने तो वेग कधीच येणार नाही. प्रकल्प-अहवालात फ्लायट्रॅपचे नाव घेणार असाल तर हा फरक लिहा.

फोडांचे कारणही पाण्याचेच. 20 वरून थेट 45 वर टाकले की बाहेरची साल आधी आकसून दाट होते, आतले पाणी अडकते आणि फुगवटे येतात. 1 मिमी जाडीत हे हमखास होते. 0.15 मिमीत साल आणि गाभा असा फरकच फारसा उरत नाही. तोवर 36 अंशांच्या पाण्यात टाकून पाहा, फोड कमी होतील.

जेलपट्टी

दोघांचेही आभार. आकडेमोड पाहून थक्क झालो, 40 आणि 50 इतके जवळ येतील असे वाटले नव्हते. दोन शंका. 0.15 मिमीचा साचा कशाचा करायचा? आणि इतक्या पातळ थरावर दुसरे द्रावण दोन-तीन मिनिटे मुरवले तर ते पूर्ण आरपार जाणार नाही का?

कुसळ

दुसरी शंका अगदी रास्त आहे. ॲक्रिलामाइडचा रेणू लहान, जेलमध्ये त्याचा विसरणांक 5 × 10⁻¹⁰ च्या घरात धरा. दहा सेकंदांत तो 0.1 मिमी आत जातो. तीन मिनिटांत 0.15 मिमीचा थर पूर्ण भिजून पलीकडे. मग दोन थर राहतातच कुठे? पीनायपॅमच्या आत सगळीकडे पॉलीॲक्रिलामाइडचे जाळे बसते आणि आकसायला विरोध करते. पट्टी वाकायची ती जागच्या जागी थोडी बारीक होते, इतकेच. रसायनीताईंची कृती जाड थरांना बरोबर आहे, पातळ थरांना नाही.

पातळ कामासाठी दुसरा थर जेलचा करूच नका. स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांकडे मिळते ती पॉलिएस्टरची जाळी घ्या. ती वाकते पण ताणली जात नाही, आणि जेल तिच्या भोकांतून आरपार वाढते, त्यामुळे सुटण्याचा प्रश्नच संपतो. इथे चिकटण्यावर काही अवलंबून नाही, जेल धाग्यांना वेढून बसलेले असते. वक्रतेचे सूत्रही सोपे होते: जाळी लवचिक पण न ताणणारी धरली तर तोच दीड गुणिले फरक, पण भागिले फक्त जेलची जाडी. शिवाय जाळीच्या भोकांतून पाण्याला दुसऱ्या बाजूनेही वाट मिळते.

जाळी जितकी बारीक धाग्याची तितकी बरी. जाड धाग्याची जाळी स्वतःच स्प्रिंगसारखी उलट ढकलते आणि वळण 90 ऐवजी 50-60 अंशांवर अडकते.

साच्यासाठी काही खास आणायला नको. सूक्ष्मदर्शकाची 1 नंबरची कव्हर स्लिप 0.13 ते 0.16 मिमी जाडीची असते, तिचे तुकडे दोन काचपट्ट्यांमध्ये ठेवा. पॅराफिल्मचा एक पदर 0.127 मिमी, तोही चालतो, आणि दाबला की कडा बंद करतो. 75 × 25 मिमीच्या संपूर्ण काचपट्टीला 0.15 मिमी जाडीत 0.28 मिली द्रावण लागते. म्हणजे 10 मिली करण्याची गरजच नाही. 2 मिली करा, त्यात सहा-सात साचे भरतील.

क्रम असा ठेवा.

जाळीचा 40 × 10 मिमी तुकडा कापा. पॉलिएस्टर पाण्याला दूर सारते आणि भोकांत हवा अडकते, म्हणून आधी भांड्याच्या साबणाने, मग भरपूर पाण्याने, मग इथेनॉलने धुवा. शक्य असेल तर 1 मोलर कॉस्टिक सोड्यात कोमट असताना दहा मिनिटे बुडवून पुन्हा स्वच्छ धुवा. धाग्याचा पृष्ठभाग थोडा खरवडला जातो आणि द्रावण चटकन पसरते. साबणाचा अंश मात्र अजिबात राहू देऊ नका: साबणातले डिटर्जंट पीनायपॅमला चिकटून त्याचे संक्रमण-तापमान (ज्याच्या वर तो आकसतो ते) वर नेते, मग पट्टी 35 ला हलत का नाही याचा शोध घेत बसाल.

बिजागरीची जागा 4 मिमी मोकळी ठेवून तिच्या दोन्ही कडांना जाळीवर नेलपॉलिशची आडवी रेघ मारा आणि पूर्ण वाळू द्या. ही रेघ नसेल तर द्रावण वातीसारखे जाळीभर चढते आणि पात्याच्या जागीही जेल होते.

काचपट्ट्यांना सिलेन (काचेला पाणी दूर सारायला लावणारे रसायन) लावा, पाणी गोळा होऊन घरंगळेल इतपत. न लावल्यास 0.15 मिमीचे जेल काचेला धरून बसते आणि सोडवताना फाटते. खालच्या काचेवर जाळी पसरा, दोन टोकांना कव्हर स्लिपचे तुकडे, वर दुसरी काच, बाजूंना बाइंडर क्लिप. इथे लक्ष द्या: जाळी साच्याच्या मधोमध तरंगता कामा नये, खालच्या काचेला टेकलेली हवी. मधोमध राहिली तर दोन्ही बाजूंना सारखे जेल होते आणि पट्टी वाकतच नाही. दुपदरी पट्ट्या न वाकण्याची जितकी कारणे आहेत त्यांत हे सगळ्यात जास्त वेळा सापडते, आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पट्टीची कड कापून सूक्ष्मदर्शकाखाली आडवी पाहिली तरच कळते.

गार केलेले, इनिशिएटर घातलेले द्रावण बाजूने मायक्रोपिपेटने सोडा, केशाकर्षणाने आपोआप भरते. पातळ थराला कडेची हवा फार बाधते, म्हणून संपूर्ण साचा झिपच्या पिशवीत घालून नायट्रोजन भरा आणि मगच फ्रीजमध्ये. पातळ थरासाठी टेमेड 10 मिलीला 20 मायक्रोलिटर धरायला हरकत नाही, इथे उष्णता साठत नाही.

दुसऱ्या दिवशी साचा पाण्याखाली उघडा. हवेत उघडलात तर जेल दुमडून स्वतःलाच चिकटते. धुऊन झाल्यावर बिजागरीच्या दोन्ही बाजूंची जाळी टिपून कोरडी करा आणि ओएचपी शीटची पाती फेविक्विकने चिकटवा. या काळात बिजागरीवर ओला टिश्यू ठेवा, जेल पाच मिनिटांतही कडेने वाळते.

वक्ररेषा

कुसळ यांची कृती उत्तम आहे, त्यात एक भर घालतो. नाहीतर पहिल्याच दिवशी गोंधळ होईल.

साच्यातून काढलेले जेल गार पाण्यात टाकले की ते आणखी फुगते. साच्यात 0.15 मिमी असलेले जेल पाण्यात 0.2 च्या आसपास जाते, लांबीलाही वाढू पाहते, आणि जाळी त्याला वाढू देत नाही. परिणामी 20 अंशांना पट्टी सरळ नसून उलट्या बाजूला वाकलेली असते, जेल बाहेरच्या अंगाला. तापवल्यावर ती आधी सरळ होते आणि मग हव्या बाजूला वळते. वेळ आणि कोन मोजताना शून्य कुठे धरता ते आधी ठरवा.

उलटे वळण नको असेल तर बिस 1 ऐवजी 2 मोल टक्के (नायपॅमच्या शंभर रेणूंमागे दोन) करा, म्हणजे 10 मिलीला 30.8 मिलिग्रॅम. फुगणे कमी होते. त्यासोबत आकसण्याची मर्यादाही थोडी कमी होते, पण तुम्हाला 0.5 मधले 0.1 सुद्धा पुरते, तेव्हा परवडेल. 4 मोल टक्क्यांपर्यंत नेऊ नका. जेल ठिसूळ होते आणि बिजागरीच्या मधोमध आडवी चीर पडते.

आणि रुंदीकडे बघा. जेल सगळ्या दिशांनी सारखेच आकसते. 4 मिमी लांब आणि 10 मिमी रुंद बिजागरी लांबीत वळायच्या ऐवजी रुंदीत गुंडाळून नळी होऊ शकते. दोन्हीकडची ताठ पाती तिला बरेच धरून ठेवतात, तरी पाती बिजागरीच्या कडेला अगदी खेटून चिकटवा. मध्ये 2 मिमी मोकळी जागा राहिली की तिथूनच गुंडाळायला सुरुवात होते. निसर्गात दिशा ठरवण्याचे काम तंतू करतात. पाइनच्या शंकूच्या खवल्यात दोन थर असतात. एकात सेल्युलोजचे तंतू लांबीच्या दिशेने, दुसऱ्यात जवळजवळ आडवे. ओलावा दोन्हीकडे शिरतो, पण आडव्या तंतूंचा थरच लांबीत वाढतो. हार्वर्डच्या गटाने 2016 मध्ये हीच युक्ती छपाईत आणली: जेलच्या शाईत सेल्युलोजचे सूक्ष्म तंतू, तोटीतून बाहेर पडताना ते रेषेच्या दिशेने आपोआप रांगेत येतात, आणि छापलेले फूल पाण्यात टाकल्यावर ठरवलेल्या दिशेनेच वळते. तुमच्या जाळीतही हे थोडे करता येते. बिजागरीच्या लांबीला समांतर असलेले धागे तसेच ठेवायचे आणि त्यांच्या मागे, जेल नसलेल्या बाजूने, दोन-तीन जाड आडवे धागे ओवायचे. रुंदीतले गुंडाळणे थांबते.

मास्तर

धागा मन लावून वाचतो आहे. नववी-दहावीच्या मुलांना हे तत्त्व दाखवायचे आहे. ॲक्रिलामाइड शाळेत आणता येणार नाही हे उघड आहे. बिनविषारी, स्वस्त असे काही सुचवाल का?

कुसळ

मास्तर, दोन गोष्टी सांगतो, दोन्ही जवळपास फुकट.

पहिली कागदाची. यंत्रावर बनलेल्या कागदात तंतू बहुतांशी एकाच दिशेने असतात, आणि ओलावा लागल्यावर कागद तंतूंना आडव्या दिशेने जास्त वाढतो. दिशा ओळखायची तर कागदाचा चौरस तुकडा पाण्यावर अलगद ठेवा. तो गुंडाळू लागतो तेव्हा नळीचा जो अक्ष असतो ती तंतूंची दिशा. आता ट्रेसिंग पेपरच्या 10 × 1 सेंमीच्या दोन पट्ट्या कापा, एक तंतूंच्या दिशेने आणि एक आडवी. खळीचा अगदी पातळ थर लावून एकावर एक चिकटवा आणि वजनाखाली पूर्ण वाळू द्या. ही पट्टी वाफेवर धरली की वाकते, वाळली की परत येते. पाइनच्या खवल्याचे तत्त्व जसेच्या तसे. नेहमी होणारी चूक म्हणजे खळ जास्त लावणे. मग मधला थर ताठ होतो आणि हालचाल मंदावते. दोन्ही पट्ट्या एकाच दिशेने कापल्या गेल्या तर काहीच होणार नाही. मुलांना तीही एक पट्टी मुद्दाम करायला लावा, तुलनेला उपयोगी पडते.

जेलच दाखवायचे असेल तर जिलेटिन. 5 ग्रॅम जिलेटिन 50 मिली गार पाण्यात दहा मिनिटे फुगू द्या, मग भांडे गरम पाण्यात ठेवून 50-60 अंशांना विरघळवा. उकळू नका, साखळ्या तुटतात आणि जेल लिबलिबीत होते. 1 ग्रॅम ग्लिसरीन घाला, नाहीतर वाळल्यावर थर तडकतो. जाडसर ट्रेसिंग पेपर पाटावर चारही बाजूंनी चिकटपट्टीने ताणून बसवा, एका बाजूला ब्रशने दोन हात द्या आणि रात्रभर वाळवा. पट्ट्या कापल्या की त्या जिलेटिनच्या बाजूला वळतात, कारण वाळताना जिलेटिन आकसले. गार पाण्यात टाकल्या की जिलेटिन फुगते आणि पट्टी उलटी वळते. पाणी 20 अंशांच्या खालीच ठेवा. एप्रिल-मे महिन्यात नळाचे पाणी चालणार नाही, बर्फ घाला. 35 अंशांच्या आसपास जिलेटिन विरघळायलाच लागते. पट्ट्या ओल्या ठेवल्या तर दोन दिवसांत बुरशी येते, म्हणून रोज ताज्या कापा, उरलेला कागद कोरडा ठेवा.

आणि दिवाळीच्या सुमारास डोंगरावर गेलात तर कुसळी गवताची कुसळे गोळा करून आणा. कपड्यांना टोचतात तीच. कोरड्या कुसळाला दोरीसारखा पीळ असतो. पाण्याच्या थेंबात ठेवले की पीळ सुटू लागतो आणि टोक घड्याळाच्या काट्यासारखे फिरते. वाळले की पुन्हा पीळ. याच फिरण्याने बी मातीत शिरते. बीचे टोक थर्माकोलमध्ये खुपसा, मागे कागदाची तबकडी लावून अंश लिहा, झाला आर्द्रतामापक. टोक अणकुचीदार असते, मुलांच्या डोळ्यांपासून दूर ठेवा.

रसायनी

पातळ थराला जाळीच, हे कुसळ यांचे म्हणणे मान्य. जेलपट्टी, वर राहून गेलेल्या गोष्टी सांगते.

तापमान सरकवायचे असेल तर: नायपॅमसोबत 5 मोल टक्के ॲक्रिलामाइड घेतले की संक्रमण 32 च्या वर सरकते. उलट, पाण्यात साधे मीठ घातले की ते खाली येते. म्हणून चाचणी नेहमी डिस्टिल्ड पाण्यातच करा. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातले आकडे एका दिवशीचे दुसऱ्या दिवशी जुळणार नाहीत. ॲक्रिलिक ॲसिड थोडेसे घातले तर जेल आम्लतेलाही प्रतिसाद देते, पण मग पाण्याचा पीएच बफरने बांधून ठेवावा लागतो. पहिल्या टप्प्यात त्या वाटेला जाऊ नका.

दुधी जेल सरसकट वाईट असते असे मात्र समजू नका. त्यात मोठी छिद्रे असतात आणि पाणी झटकन निघते. मुद्दाम सच्छिद्र केलेली जेल वेगासाठी वापरतातच. जपानमधल्या गटाने 1995 मध्ये जाळ्याच्या साखळ्यांवर मोकळ्या टोकाच्या पीनायपॅमच्या शेपट्या जोडून जाडी कमी न करता आकसण्याचा वेग वाढवला होता. तुमच्या पट्टीला 50 फेऱ्या टिकायचे आहे, म्हणून आधी पारदर्शक, एकसंध जेल. वेग जाडीतून मिळवा.

फेऱ्या मोजताना गार आणि गरम पाण्याची दोन वेगळी भांडी ठेवा, पट्टी उचलून टाका. एकाच भांड्यातले पाणी तापवत बसलात तर तुम्ही पट्टीचा नव्हे, हीटरचा वेग मोजाल. भांड्याखाली आलेखकागद, वर मोबाइल स्टँडवर, दर पाच सेकंदांनी फोटो. मिटणे आणि उघडणे वेगवेगळे नोंदवा, दोन्हींची वेळ सारखी येत नाही. उचलताना चिमटा पात्याला लावा, बिजागरीला नाही.

आणि सुरक्षिततेचे, कारण प्रकल्पाच्या घाईत हेच सुटते. ॲक्रिलामाइड मज्जासंस्थेला घातक आहे आणि त्वचेतून शरीरात जाते. नायपॅमलाही तितक्याच जपून हाताळा. वजन फ्यूमहूडमध्ये, हातात नायट्राइलचे मोजे, आणि ते मोजे घालून मोबाइलला हात नाही. पॉलिमर झालेले जेल त्या मानाने निरुपद्रवी असते, पण त्यात न जुळलेला मोनोमर राहतो, म्हणून धुण्याचे पहिल्या दिवसाचे पाणी बेसिनमध्ये नाही, कचऱ्याच्या बाटलीत. उरलेले मोनोमर द्रावणही तसेच ओतू नका. त्यात एपीएस आणि टेमेड घालून घट्ट होऊ द्या आणि घन कचरा म्हणून द्या. मात्र एका वेळी 20-30 मिलीपेक्षा जास्त नको आणि झाकण सैल ठेवा, एकदम घट्ट होताना बाटली चांगलीच तापते.